करटोलीचा नवरा

मृगाचे दोन-चार सडे पडून गेले, की जव्हारच्या बांधाबांधांवरून, कुडाच्या कुंपणांतून आणि करवंदीच्या जाळ्यांच्या अंधारातून बारीक, नाजूक वेल डोकं वर काढू लागतात. हे करटोलीचे वेल. वर्षातले सहा-सात महिने त्यांचा पत्ता नसतो. जमिनीच्या पोटात कंद निवांत पडून असतो. ना खत, ना पाणी, ना कुणाची विचारपूस. मग एके रात्री पाऊस कौलांवर ताशा धरतो आणि हा आळशी जीव जागा होऊन ताणे पसरायला लागतो. पुढचा महिना-सव्वा महिना तो नुसता चढत राहतो. कुंपणावरून आंब्याच्या खालच्या फांदीवर, फांदीवरून शेजाऱ्याच्या कुंपणात, जिथे हात पोहोचेल तिथे. आणि या सबंध काळात तो वेल आहे की ती वेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पानं तीच, ताणे तेच, चढण्याची हौसही तीच. भाजी खाणाऱ्याला याची चौकशी करण्याचं कारण पडत नाही. भाजी पिकवू पाहणाऱ्याचा मात्र या एका प्रश्नापायी सगळा आषाढ वाट पाहण्यात जातो.

कारण करटोलीत बाईमाणूस आणि बाप्यामाणूस वेगवेगळ्या वेलींवर राहतात. भोपळा, काकडी, दोडका ही त्याच गोतातली मंडळी, पण त्यांचा संसार एकाच वेलीवर चालतो. नरफूल इथे, मादीफूल दोन पेरांवर पलीकडे. करटोलीने मात्र घरं वेगळी ठेवली आहेत, आणि कोणत्या घरात कोण राहतं ते फुलं येईपर्यंत दाराबाहेर लिहायचं नाही, असा दंडक केला आहे. फूल आलं की मग काही झाकत नाही. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली, कळी उमलण्याच्या आधीपासूनच, मूगभर आकाराचं हिरवं काटेरी करटोलं तयार बसलेलं असतं; पुढे काय होणार याबद्दल तिच्या मनात शंकाच नाही. नरफुलाजवळ असलं काही नसतं. लांब, बारीक देठ, देठाच्या टोकाशी एक हिरवं पान वाकून कळीवर आलेलं. लावणीच्या वेळी पावसात ओणव्या झालेल्या बाईच्या पाठीवर इरलं असतं ना, अगदी तसं. मादीचं सगळं भांडवल उघड्यावर, आणि ज्याच्याजवळ सांभाळायला चिमूटभर पिवळी धूळ, तो इरलं घेऊन उभा. मला या नरफुलाबद्दल पहिल्यापासून थोडी माया वाटत आली आहे.

वनस्पतींतही नवरा-बायको असतात, ही गोष्ट युरोपातल्या पंडितांना पचायला बरीच जड गेली होती. लिनियस या स्वीडिश गृहस्थाने १७३५ साली झाडांची वर्गवारी मांडली ती त्यांच्या फुलांतल्या नर आणि मादी अवयवांवरून. कुठे एका बायकोला एक नवरा, कुठे एकीला वीस, कुठे दोघांचं बिऱ्हाड निराळं, असा सगळा संसार त्याने शास्त्राच्या भाषेत उघड्यावर मांडला. योहान सीगेसबेक नावाचे एक विद्वान यावर भयंकर संतापले. फुलांच्या राज्यात परमेश्वर असला व्यभिचार चालू देईल हे शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं. लिनियसने वादात फार शब्द खर्च केले नाहीत. एका क्षुल्लक, चिकट तणाला त्याने त्यांचं नाव देऊन टाकलं. ते तण आपल्याकडेही उगवतं आणि पावणेतीन शतकांहून जास्त काळ सीगेसबेक महाशयांना घेऊन लोकांच्या धोतराला चिकटतं आहे. लिनियसच्याच पठडीत पुढे रॉक्सबर्ग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या करटोलीला नाव सुचवलं आणि विल्डेनो नावाच्या दुसऱ्याने ते १८०५ मध्ये छापलं: मोमॉर्डिका डायोइका. बिऱ्हाडं वेगळी असल्याची नोंद या नावातच करून ठेवली आहे. सरकारी कागदावर एवढा खासगी तपशील फार थोड्या भाज्यांचा आला असेल.

आपल्याकडच्या लोकांना ही भानगड युरोपाच्या कितीतरी आधी दिसली होती. जिला करटोली लागतात ती करटोली, आणि जिला नुसती फुलंच येतात, फळ धरतच नाही, ती वांझ करटोली. आयुर्वेदाच्या निघंटूंत वन्ध्याकर्कोटकी म्हणून तिची वेगळी नोंद आहे. कंद औषधी, विषावर चालणारा, वगैरे गुणही लिहून ठेवले आहेत. निरीक्षण चोख आहे. फक्त जिला वांझ बाई म्हणून आपण ओळखतो, तो चांगला धडधाकट पुरुष आहे. रोज संध्याकाळी पाच-पन्नास फुलं उमलवणारा, आजूबाजूच्या साऱ्या वेली ज्याच्या जिवावर फळतात, असा. पण घरात पाळणा हलला नाही की दोष बाईचा, ही आपली रीत इतकी मुरलेली, की समोर बाई नसली तर आधी बुवालाच बाई करायचं आणि मग तिला वांझ ठरवायचं. कित्येक पिढ्या त्या वेलाने हे मुकाट्याने ऐकून घेतलं आहे. खुरपं घेऊन आलेल्या माणसाला उलट सांगायला त्याला तोंड नाही, आणि असतं तरी काय सांगणार होता बिचारा!

मोखाड्याच्या वाटेवर एका पाड्यात एक बाई आहेत. त्यांनी रानातले कंद आणून घरामागे करटोलीचा मांडव केला आहे. मांडव म्हणजे काय, बांबू, तारा आणि जुन्या साड्यांच्या दोऱ्या. पण हिशेब पक्का. फुलं आली की प्रत्येक वेलीच्या बुडाशी चिंधी बांधायची: मादीला लुगड्याचा काठ, नराला फाटक्या सदऱ्याची पट्टी. दिवाळीनंतर वेल वाळून नाहीसा होतो, चिंधी राहते, आणि पुढच्या पावसाच्या आधी कंद हलवायचे झाले तर कोण कुठे निजलं आहे ते कळतं. कंद पाहून काही उमगत नाही. बी लावावं तर त्याची टरफलं दगडासारखी, उगवायला महिना मागतात, आणि उगवलेल्यांत निम्मे नर निघतात. म्हणून चिंधी. त्यांच्या मांडवात मी नीट पाहिलं तर लुगड्याचे काठ पुष्कळ आणि सदऱ्याच्या पट्ट्या अगदी तुरळक, त्याही एका बाजूला गोळा केलेल्या नाहीत, मधून मधून पेरलेल्या.

"इतकेच नर?" मी विचारलं.

"नऊ बायकांत एक दादला पुरे, गुरुजी. जास्त ठेवले तर नुसते खातात आन् पसरतात."

"आणि एकही नाही ठेवला तर?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाला असली शंका यावी याचं नवल त्यांच्या डोळ्यांत होतं. "मग फुलं हसतात आन् जातात," त्या म्हणाल्या.

कृषी विद्यापीठांच्या शिफारशी थोड्याफार फरकाने हेच सांगतात. नऊ-दहा मादी वेलींमागे एक नर. वेलींमध्ये साधारण दोन मीटर अंतर. नर एका कोपऱ्यात कोंबायचा नाही, सगळ्यांना सारखा जवळ पडेल असा मधोमध ठेवायचा. पुस्तकात हे वाक्य अगदी कोरडं दिसतं. पण मांडवाखाली उभं राहून वर पाहिलं की मनात नको ते विचार येऊ लागतात. नवऱ्यामुलासाठी जागा शोधताना त्याचं शिक्षण, शेती, स्वभाव काही पाहायचं नाही. पाहायचं ते एवढंच, की तो कुणापासून फार लांब पडू नये. आणि त्यातही एक अडचण आहे. पुष्कळदा नर वेल आठ-दहा दिवस आधीच फुलायला लागतो. मादीच्या कळ्या अजून डोळेही उघडत नाहीत आणि हा रोज संध्याकाळी नटून उभा. नवरदेव मुहूर्ताच्या आधल्या आठवड्यात मांडवात येऊन बसावा आणि मुलीकडच्यांनी अजून अंगण सारवलेलंही नसावं, तसा हा प्रकार. तो मात्र रागावून परत जात नाही. रोजची फुलं रोज गाळतो आणि दुसऱ्या दिवशी नवी काढतो.

करटोलीचं फूल उमलतं तेही आडवेळी. भोपळ्याची फुलं पहाटे उघडतात आणि मधमाश्यांच्या कामाच्या वेळेत त्यांचा कारभार उरकतो. करटोली दिवस मावळायला आला की फुलते. गुरं परत येतात, चुलींचा धूर कौलांतून झिरपू लागतो, आणि त्या धुरात कस्तुरीसारखा एक दबलेला वास मिसळतो. सवय नसेल तर तो फुलांचा आहे हे लक्षातही येत नाही. मग काळोखात पतंग येतात. इकडच्या वारली लग्नांत लग्न लावते ती बाई, धवलेरी. भटजी नाही, पंचांग नाही, तिच्या गाण्यावर लग्न लागतं. करटोलीची धवलेरी म्हणजे हा रात्रीचा पतंग. गाणं त्याला येत नाही, पण या फुलावरून त्या फुलावर जाताना अंगाला लागलेली पिवळी धूळ तो पोहोचवतो आणि सकाळी फूल मिटायच्या आत काम झालेलं असतं. घोडं अडतं ते पावसाने. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवरच्या या गावात तो धरला म्हणजे धरतो. दिवस-रात्र एकच सूर. अशा झडीत पतंग बाहेर पडत नाहीत, आणि नऊ बायका आणि एक नवरा एकाच मांडवात ओलेचिंब होऊन एकमेकांची तोंडं बघत बसतात.

तेव्हा मांडवातल्या बाईच धवलेरी होतात. सकाळी लवकर, कासोटा खोचून, त्या नरफूल खुडतात. आधी ते इरलं बाजूला करतात, मग पाकळ्या एकेक करून सोलून काढतात. उरतो तो मधला केशरी गोळा, नखाएवढा. तो दोन बोटांत धरून मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा, तान्ह्या बाळाला तीट लावावी इतक्याच दाबाने. एक नरफूल तीन-चार फुलांना पुरतं. हे करताना त्या बोलत नाहीत. मी एकदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. लग्नात मध्येच बोलू नये, हे मला कळायला हवं होतं. दोन दिवसांनी पाहावं तर ज्या फुलांचं जमलं त्यांच्या खालचं मूगभर करटोलं हरभऱ्याएवढं झालेलं असतं, आणि ज्यांचं नाही जमलं ती पिवळी पडून देठापासून सुटलेली. दोन-अडीच आठवड्यांत भाजी तयार. त्यापुढे ठेवलं तर करटोलं केशरी होऊन तडकतं आणि आतून लालभडक बिया दाखवतं. दिसतं फार सुंदर, खाण्याच्या कामाचं राहत नाही.

एकदा ही नजर लागली की मग ती कुठेही स्वस्थ बसू देत नाही. करोनाच्या वर्षांत घरोघर गुळवेल लागली. ज्याने त्याने शेजाऱ्याकडून कांडी आणली, शेजाऱ्याने त्याच्या मेव्हण्याकडून आणली होती. आता आळीतल्या एकाही कुंपणावर लालचुटुक मण्यांचे घोस लोंबताना दिसत नाहीत, आणि लोक म्हणतात जात चांगली नाही. जात चांगली आहे. गुळवेलीतही नर आणि मादी वेगळे, आणि एकाच वेलीच्या कांड्या वाटत गेल्यामुळे सबंध आळीत एकाच लिंगाचं राज्य झालं आहे. टेंभुर्णीचंही तेच, पण विडीसाठी पानं खुडणारा कधी विचारत नाही की हे पान भाऊरावांचं की भागीरथीबाईंचं. खाली किनाऱ्याला ताडाचं असंच: ताडी दोघंही देतात, पण ताडगोळे द्यायचे ते एकटीनेच. कोकणात जायफळाच्या बागांतही दहा माद्यांमागे एक नर ठेवतात, आणि तेवढीही जागा घालवायची नसेल तर मादीच्याच झाडावर नराची एक फांदी कलम करून देतात. घरजावई याहून स्वस्तात मिळत नाही.

पपईचा मामला सगळ्यांत अवघड. अंगणातली पपई नर निघाली की तिच्या खोडात खिळा ठोका म्हणजे फळ धरते, असा इलाज सांगणारे लोक गावोगाव असतात, आणि कधीकधी ती खरोखर धरते. नर पपईला हवामान पाहून मधूनच लांब देठांवर दोन-चार फळं येतात, त्यात खिळ्याचा काही संबंध नसतो. श्रेय मात्र खिळा घेतो. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला या पालटाचं फारसं नवल वाटायला नको. इथे बोहाड्यात रात्रीच्या रात्री सोंगं नाचतात. देवीचा मुखवटा चढवतो तो बाप्याच, आणि मशालीच्या उजेडात तो पावलं टाकत आला की म्हातारी माणसं त्याच्या पायावर डोकं ठेवतात. दिवसा हाच नांगर धरतो हे सगळ्यांना माहीत असतं. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

मला विसंगती वाटते ती आकड्यांत. रानात कुणी मोजून लावत नाही, तिथे नर आणि मादी जवळपास बरोबरीने उगवतात. निसर्ग निम्मे-निम्मे देतो. माणसाने हिशेब केला आणि दहांमागे एक ठेवून बाकीचे नर उपटले, कारण ते जागा खातात आणि फळ देत नाहीत. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मांडव त्या बाईंचा आहे आणि त्यावर घर चालतं. पण रानातल्या त्या जास्तीच्या नरांचं निसर्गाला काही ओझं झालेलं दिसत नाही. पडून असतात बिचारे. फुलतात, गळतात. एखाद्या वर्षी झड लागते, शंभरातले पाचच पतंग बाहेर पडतात, आणि तेव्हा जवळ कुणी तरी असावं म्हणून ते असतात.

याच भागात माणसांचा मात्र अगदी उलटा हिशेब चालतो. दिवाळी होते, भात झोडून होतं, करटोलीचा वेल कुंपणावर वाळून सुतळीसारखा होतो, आणि त्याच सुमारास पाड्यांतली घरंही रिकामी व्हायला लागतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवरून ट्रक येतात. भट्टीवाला उचल देतो ती एकट्या माणसाला नाही, जोडीला. नवरा माती कालवणार, बायको थापणार, मिळून विटांचा हजार भरणार; एकट्या नराला तिथे किंमत नाही आणि एकट्या मादीलाही नाही. नऊला एक तिथे कुणी ऐकून घेणार नाही. घराला कडी घालून, म्हाताऱ्यांना मागे ठेवून, पोरं काखेला मारून जोड्या निघतात, आणि पहिल्या पावसाच्या आधी परततात. परत येईपर्यंत कुंपणातले कंद तसेच झोपलेले असतात. पाऊस पडतो, दोघंही एकदम उगवतात, माणसं शेतात आणि वेल बांधावर. श्रावणात त्याच जोडीतली बाई सागाच्या पानावर करटोलीचे वाटे मांडून जव्हारच्या बाजारात बसते, आणि शहरातून आलेली मोटार तिच्यासमोर थांबून वीस रुपयांसाठी घासाघीस करते. तीच करटोली ठाण्याला हंगामाच्या सुरुवातीला किलोला दोनशेच्या वर जातात आणि तिथे कुणी चकार शब्द काढत नाही.

भाजी करायची रीत सोपी आहे आणि ती बिघडवण्याचे प्रकार पुष्कळ. करटोलीचे काप करावेत, बी कोवळं असेल तर राहू द्यावं, जून असेल तर काढावं. कांदा, लसूण, हिरवी मिरची, तेल जरा सढळ हाताने, आणि झाकण न ठेवता मंद आचेवर कडा तांबूस होईस्तोवर परतावं. मसाला घालू नये. शेंगदाण्याचं कूट घालणाऱ्याला माफ करता येईल, चिंचगूळ घालणाऱ्याला नाही. नागलीच्या भाकरीबरोबर ही भाजी खाताना तिच्या त्या बारीक कडवटपणात रात्रीचा पतंग, सदऱ्याची पट्टी आणि सगळी खटपट कुठल्या कुठे विरून जाते, तेही बरंच आहे.

तुम्हाला लावायची असेल तर हौसेने रान खणत सुटू नका. रानातला कंद उपटला की पुढच्या श्रावणातली कुणाची तरी कमाई उपटली जाते. ज्यांनी मांडव केलेत त्यांच्याकडून पैसे देऊन कंद घ्या, आणि घेताना विचारून घ्या. दहा घेतलेत तर त्यांत एक नर मागून घ्या. विकणारी हसेल, हसू द्या. त्याला मधोमध लावा, आणि श्रावणात कुणी शेजारी येऊन सांगू लागला की ही एक वेल वांझ आहे, काढून टाका, तर त्याला चहा द्या आणि खुरपं आत ठेवून द्या.